गाडी, स्वारी, चुना

फॉर्म चार पानी होता आणि चारही पानांवर कानसकाकांना राग येईल असं काही ना काही छापलेलं होतं.

पहिल्या पानावर मथळा, 'मार्गदर्शक योजना : सहामाही अहवाल'. दुसऱ्यावर, शिकणाऱ्याची प्रगती एक ते दहा या मोजपट्टीवर कुठे आहे ते सांगा. तिसऱ्यावर, 'उणिवा (असल्यास)'. चौथ्यावर दोनच प्रश्न. 'आपल्या आयुष्यातील मार्गदर्शक कोण?' आणि 'त्यांच्याकडून आपण काय शिकलात?' तळाशी सहीची रेघ.

"माणूस आहे की ताप, मोजपट्टीवर मोजायला?" चहाचा कप आपटत ते बायकोला म्हणाले.

"ताप मोजपट्टीवर नाही मोजत," बायको म्हणाली. "आज पाचच्या आत द्यायचाय ना हा? करा सही आणि मोकळे व्हा. त्या बिचारीचं सगळं घोडं तुमच्या सहीवाचून अडलंय."

ते खरं होतं. सही झाली तर ती बिचारी, जिला कारखान्यात सगळे 'नवी' म्हणत, कायम होणार होती. नाही झाली तर सहा महिने पाण्यात, आणि उद्यापासून तिनं येऊ नये असं परिपत्रकात स्वच्छ लिहिलं होतं.

"आणि या चौथ्यावर काय लिहू?"

"लिहा की वस्ताद म्हणून."

"त्या माणसाचं नाव? माझ्या हातानं? शक्य नाही."

"त्या माणसाला जाऊन बारा वर्षं झाली," बायको कप उचलत म्हणाली. "अजून रोज सकाळी चहाबरोबर त्याच्याशी भांडता. माझ्याशीसुद्धा इतकं मन लावून नाही भांडलात कधी."

कानसकाकांनी फॉर्मची घडी केली, खिशात कोंबली आणि उत्तर न देता निघाले. बायकोला शेवटचं उत्तर देण्याची सवय त्यांनी लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच सोडली होती.

त्यांचा कारखाना एका मोठ्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला होता. तिथे कृत्रिम पाय बनत. लांबट खोली. एका बाजूला खिडक्या, दुसऱ्या बाजूला भिंतभर फळ्या, आणि फळ्यांवर माणसांच्या खुंटांचे, म्हणजे पाय कापल्यावर उरलेल्या भागांचे, पांढरे साचे रांगेनं उभे, प्रत्येकावर पेन्सिलीनं क्रमांक घातलेला. मधोमध कमरेइतक्या उंचीचे दोन समांतर कठडे. नवा पाय घातलेला माणूस पहिल्यांदा चालतो तो त्या कठड्यांना धरून. आणि सगळ्यावर, अगदी चहाच्या कपांवरसुद्धा, बारीक पांढऱ्या धुळीचा थर.

या खोलीची एक स्वतःची बोली होती. इथे पायाला कुणी पाय म्हणत नसे. पाय म्हणजे गाडी. ज्याचा पाय तो पेशंट नव्हे, स्वारी. आणि प्लास्टर म्हणजे चुना. त्यामुळे "स्वारीला चुना लावून बसवलंय, गाडी गुरुवारी सुटेल" असलं वाक्य कानावर पडलं की नवा माणूस चक्रावून जाई, आणि महिन्याभरात स्वतःच तसं बोलू लागे. येणाऱ्यांनाही ते बरं वाटे. 'पाय कुठे दुखतो' यापेक्षा 'गाडी कुठे अडते' या प्रश्नाला उत्तर देणं सोपं जातं. ही सगळी वस्तादाची, म्हणजे कारखान्याच्या जुन्या मुख्य कारागिराची थट्टा, असं तिथे मानत. त्यानं जन्मात केलेली ती एकुलती एक थट्टा असावी, असं कानसकाका म्हणत.

कानसकाकांना हे नाव पडलं ते कानशीवरून. साचा घासायची ती खरबरीत पट्टी दिवसभर त्यांच्या हातात असे. शिवाय ते बोलत कमी, आणि बोलले की समोरच्याची सालटी निघत. ते कमी का बोलत याचा विचार कुणी केला नव्हता.

लहानपणापासून त्यांची जीभ अडायची, आणि अडायची ती नेमकी 'प'वर. शाळेत पाणी मागायला नको म्हणून ते तहान मारत बसायचे. बावीस वर्षांचे असताना ते या कारखान्याच्या दारात उभे राहिले, तेव्हा म्हणायचं होतं एवढंच, की पाय बनवायला शिकायचंय. घरून घोकून आले होते. आणि ऐन वेळी प, प, प. समोर वस्ताद साचा घासत होता. त्यानं मान वर केली नाही. हसला नाही. शब्द पुरा करून दिला नाही. घासतच राहिला. शेवटी एकदाचा पाय तोंडातून बाहेर पडला, तेव्हा म्हणाला, "सोमवारी ये." त्या दिवशी गुरुवार होता.

सोमवारी ते आले, आणि मग जे सुरू झालं ते आठवलं की अजून त्यांच्या कानशिलांना चटका बसे.

"या राजे! हे हात आहेत की वल्ही?" "डोळे घरी ठेवून आलात का राजे?" "हा क्रमांक लिहिलाय की मुंग्या सोडल्यात?" पहिल्या वर्षात वस्तादानं त्यांचे एक्केचाळीस साचे फोडले. नुसते नाकारले नाहीत, उचलून जमिनीवर आपटले. कारण दर वेळी तेच. या कामात नवख्याच्या हातून एक चूक हटकून होते. खुंटावर जिथे हाड टोचतं, तिथे तो साचा घासून कमी करतो. त्याला वाटतं, दुखणं कमी केलं. होतं उलटं. साच्यावरच पुढे गरम प्लॅस्टिक चढवून पायाची पोकळ बैठक बनते. साचा जितका बारीक, बैठक तितकी घट्ट, आणि नेमकी दुखऱ्या जागी. तिथे घासायचं नसतं, उलट चुन्याची भर घालायची असते, म्हणजे हाडाला आत जागा मिळते. घासायचं ते जिथे मांस भार सोसू शकतं तिथे.

"भर इथे! घास इथे!" वस्ताद ओरडे, आणि साचा जाई जमिनीवर.

दुसरा धडा प्रश्नाचा. "दुखतं का, असं स्वारीला विचारायचं नाही. ती नाहीच म्हणणार. तिला गाडी हवी असते, घरी जायचं असतं. कुठे दुखतं ते विचार. बोट ठेवून दाखवायला लाव."

हे सगळं कानसकाकांनी सोसलं असतं. पण सहीचं सोसलं नाही. तेव्हाही कायम व्हायला वस्तादाची सही लागे. मागून आलेल्या दोघांच्या कागदांवर सह्या झाल्या. यांच्या कागदावर दोन वर्षं एकच उत्तर, "अजून नाही." तिसऱ्या वर्षी एका दुपारी त्यानं न बोलता सही केली आणि कागद टेबलावरून पतंगासारखा भिरकावला. तो कागद वाकून जमिनीवरून उचलताना कानसकाकांनी जी गाठ मारली, ती सुटली नाही. वस्ताद निवृत्त झाला, आठ वर्षं घरी बसला, हे एकदाही गेले नाहीत. तो वारला तेव्हा त्याच्या घराच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले.

आणि आता म्हणे मार्गदर्शक! परिपत्रक लागलं तेव्हाच ते भडकले होते. 'प्रत्येक ज्येष्ठ कारागिराने किमान एक कनिष्ठ घडवावा.' घडवावा? कनिष्ठ म्हणजे काय मडकं आहे? पण साहेबांनी नवीला आणून त्यांच्या टेबलाशी उभं केलं, आणि विषय संपला.

नवी काही कोवळी नव्हती. पस्तिशीला आलेली, दुसऱ्या एका कारखान्यात आठ वर्षं काढलेली बाई. ते का सोडलं हे तिनं दुसऱ्या महिन्यात, अवजारं धुताना, फक्त काकांना सांगितलं होतं. तिनं बनवलेल्या पायात एका म्हाताऱ्याच्या खुंटाला जखम झाली. तो बोलला नाही. जखम चिघळली, आणि खुंट आणखी वर कापावा लागला. "तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं," ती म्हणाली होती. काकांनी मान हलवली आणि कानस पुसून ठेवली होती.

त्यांनी तिला शिकवलं ते वस्तादासारखंच, फक्त आवाज न चढवता. साचे फोडले. 'फिरून' म्हणाले. दुसरी रीत त्यांना ठाऊकच नव्हती. तिचा हात चांगला तयार झाला होता, आणि हे काकांना कुणापेक्षाही जास्त कळत होतं. मग सही का होत नव्हती? याचं उत्तर त्यांना माहीत होतं आणि ते फारसं शोभणारं नव्हतं. मला दोन वर्षं ताटकळत ठेवलं. हिला सहा महिन्यांत?

त्या दिवशी दुपारी टपालवाल्याची गाडी घालून बघायची होती. गुडघ्याखाली पाय गेलेला, चाळिशीतला, अखंड बोलणारा माणूस.

"काका, सोमवारी कामावर हजर होणार म्हणजे होणार," तो कठड्यांमधून चालत म्हणाला. "दहा महिने माझ्या भागात दुसराच कुणी पत्रं टाकतोय. दारं चुकतो हो! एकीचं लग्नाच्या होकाराचं पत्र शेजारणीला दिलं. शेजारीण साठ वर्षांची. दोन दिवस नटून बसली होती."

खोलीतले दोघे कारागीर हसले. नवी हसली नाही. ती त्याच्या चालण्याकडे बघत होती.

"कुठे लागतं?"

"छे, कुठेच नाही."

"कुठेच नाही असं नसतं. बोट ठेवून दाखवा."

टपालवाल्यानं जरा कुरकुरत नडगीजवळ बोट ठेवलं. नवीनं तिथे पेन्सिलीनं खूण केली.

"तुमचं सगळंच निराळं बुवा," तो म्हणाला. "गाडी काय, स्वारी काय. मला तर बायकोनं विचारलं, पाय बनवायला गेलात की प्रवासाला?"

आता मात्र नवी हसली. "मी तर काल यादीच केली. पायाला गाडी, पेशंटला स्वारी, प्लास्टरला चुना. बाकी हातोडीला हातोडी, स्क्रूला स्क्रू. नेमके 'प'चेच शब्द तेवढे बदललेत! या कारखान्याला 'प'चं वावडं आहे की काय?"

कारागीर हसले. टपालवाला तर मोठ्यानं हसला.

कानसकाका पाठमोरे उभे होते. त्यांच्या पाठीवरून काहीतरी गरम सरसरत गेलं. पस्तीस वर्षं! पस्तीस वर्षं एकेक वाक्य बोलण्याआधी मनात उलटून पालटून, अडणारे शब्द खड्यासारखे वेचून, जे त्यांनी झाकून ठेवलं होतं, ते हिनं शोधून काढलं होतं आणि चारचौघांत हसत होती. ते वळले.

"शब्द मोजायला आलीस का इथे? मोजायचंच असेल तर आधी तो म्हातारा मोज. आधीच्या ठिकाणी ज्याचा खुंट सडवून आलीस तो! की मी सांगू या स्वारीला, कुणाच्या हातची गाडी घालून नाचतोय ते?"

जीभ एकदाही अडली नाही. वाक्य न वाक्य लोण्यातून सुरी जावी तसं गेलं.

 टपालवाल्यानं हळूच खाली, आपल्या नव्या पायाकडे पाहिलं. नवीनं पेन्सिल टेबलावर ठेवली, कडेला बरोबर समांतर. अंगावरचा धुळकट एप्रन काढला, त्याची घडी केली, आणि ती मागच्या मोरीच्या खोलीत निघून गेली.

कानसकाका तावातावानं कोठीच्या खिडकीशी गेले. कोठीत मावशी बसत. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी त्या घरी गेल्या नव्हत्या. खुंटावर चढवायचे मोजे कुठल्या खणात आहेत हे दुसऱ्या कुणाला ठाऊकच नसल्यामुळे त्यांना कुणी जा म्हणतही नसे.

"मावशी, माझं त्या बयेला कुणी सांगितलं?"

"तुझं काय?"

"माझं ते... बोलण्याचं."

"तू बोलतोस कुठे?" मावशी मोजे मोजत राहिल्या.

"प... प..." काका थांबले. रागानं त्यांचे डोळे भरून आले. "हे! हे कुणी सांगितलं?"

मावशींचा हात थांबला. "अगबाई, ते होय? ते आम्हीच विसरून गेलो, तिला कोण सांगणार?"

"मग यादी कशी केली तिनं? म्हणते, नेमके त्याच अक्षराचे शब्द बदललेत इथे."

मावशी हसायला लागल्या, आणि काकांच्या चेहऱ्याकडे बघून एकदम गप्प झाल्या.

"तुला माहीत नाही?"

"काय माहीत नाही?"

"पस्तीस वर्षं त्या शब्दांत राहिलास आणि तुला माहीत नाही! धन्य आहे बाबा तुझी." त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. "अरे, तू आलास तोवर आम्ही पायाला पायच म्हणत होतो. तू त्या गुरुवारी परत गेलास, आणि वस्तादानं आम्हाला सगळ्यांना गोळा केलं. म्हणाला, हे तीन शब्द या खोलीतून हद्दपार. सोमवारच्या आत जिभेला वळण लावा. एकानं विचारलं, का? तर म्हणे, मला कंटाळा आलाय त्यांचा. जो चुकेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. मी एका शुक्रवारी चारदा पाजलाय. शनिवारी तो स्वतःच दोनदा चुकला, आणि त्याच्या कपाळावरचा घाम बघण्यासारखा होता. 'पुढचा पेशंट' अशी हाक तुला व्हरांड्यात मारावी लागणार होती ना? ती 'चला स्वारी' झाली. सोमवारी तू आलास तेव्हा आम्ही असे बोलत होतो, जसे काही आईच्या पोटातून तसे बोलत आलोय."

"मग मला का नाही सांगितलं?" काका जवळजवळ ओरडलेच. "कुणीच का नाही सांगितलं?"

"त्यानं बजावलं होतं, सांगाल तर याद राखा. आणि नंतर तेच अंगवळणी पडलं. तुला विचारायचं होतं तर त्याला विचारायचं. आठ वर्षं घरी बसला होता. गेलास कधी?"

काकांनी मान फिरवली. मग जुनी गाठ आठवली आणि तिला ते धरून बसले. "आणि दोन वर्षं सही नाही केली ते? तेही माझ्या भल्यासाठीच का?"

"छे! ते त्याचं चुकलंच," मावशी म्हणाल्या. "मी तेव्हाही तोंडावर सांगितलं होतं. हट्टी होता मेला. दुसऱ्याच्या हाताला चांगलं म्हणायची वेळ आली की त्याचीही जीभ अडायची. तुझी 'प'वर, त्याची तिथे."

काका खिडकीच्या कठड्याला धरून उभे राहिले. वस्तादाच्या शिव्यांची सबंध यादी त्यांना तोंडपाठ होती, पस्तीस वर्षं ती उगाळली होती. आता पहिल्यांदाच ते तिच्यात काय नाही ते शोधू लागले. हात, डोळे, अक्षर, आळस, उशीर, तोंड वाकडं करणं, शिट्टी वाजवणं, सगळ्यावर त्या माणसानं कानस चालवली होती. जिभेवर कधी नाही. एकदाही नाही. रागाच्या भरातसुद्धा नाही.

काय माणूस होता हा! एवढं करायचं आणि वर कागद भिरकावायचा. एवढं करायचं आणि मरेपर्यंत सांगायचं नाही. आभार मानायचीही सोय ठेवली नाही. काकांना त्याचा पुन्हा नव्यानं संताप आला, आणि त्या संतापातच त्यांना मोरीतल्या पाण्याचा आवाज ऐकू आला. आपण मघाशी काय केलं होतं? हाड कुठे आहे हे तिनं स्वतः बोट ठेवून दाखवलं होतं, विश्वासानं. आणि आपण नेमकी तिथेच कानस चालवली होती. पहिल्या वर्षाची चूक. बेचाळिसावा साचा.

नवी हात धूत होती. पिशवी खांद्याला लावलेली होती.

"चुकलं माझं," काका दारातून म्हणाले.

"असू दे. मला काही नाही वाटलं."

"काही नाही असं नसतं. कुठे लागलं? बोट ठेवून दाखव."

तिनं नळ बंद केला. वळली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. "दाखवू? त्या म्हाताऱ्याचं बोललात ते नाही लागलं. ते मी रोज स्वतःला बोलते. तुम्ही टपालवाल्यासमोर बोललात! सोमवारी त्याला लागलं तर तो मला सांगेल आता? भीतीनं गप्प बसेल. तो म्हातारासुद्धा गप्पच बसला होता. तुम्ही मला नाही बोललात काका, त्याच्या तोंडाला कुलूप लावलंत."

काका दारातून आत आले. त्यांनी खिशातून फॉर्म काढला. "लगेच सही करतो."

"नको."

"नको?"

"माफीची सही नको मला. दोन महिने झाले, माझा हात तयार आहे हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हा नाही केलीत. आता वाईट वाटलं म्हणून करणार? मला कामाची सही हवी."

"वेळ झाली की साहेब खिडकी बंद करतात."

"आत्ता साडेतीन झालेत," नवी म्हणाली. "गाडीची दुरुस्ती तासाभराचं काम आहे. पण आधी ते कुलूप काढा. तुम्ही लावलंय."

खोलीत टपालवाला स्टुलावर बसला होता. पाय काढून त्यानं मांडीवर घेतला होता, दुसऱ्याचं मूल धरावं तसा. दोघे कारागीर उगाचच हातोडी शोधत होते. कानसकाका मधोमध उभे राहिले. गाडी म्हणता आलं असतं. सोपं होतं.

"हा प..." ते म्हणाले. "प... प..."

एका कारागिरानं मदतीला तोंड उघडलं. नवीनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि तो गप्प झाला. मग ती टेबलाशी वाकली आणि पेन्सिलीची खूण पुन्हा गडद करत राहिली. मान वर न करता. काकांना क्षणभर दुसऱ्याच कुणाची तरी पाठ तिथे वाकलेली दिसली.

"...पाय हिनं बनवलाय. चांगला बनवलाय. मघाशी बोललो तो माझा राग होता, आणि तो हिच्यावरचा नव्हता. माझ्या सुरुवातीच्या वर्षात मी एक्केचाळीस साचे उलटे घासले. हिनं सात. आणि तिची ती यादी बरोबर आहे. ते शब्द माझ्यामुळे बदललेत."

नवीची पेन्सिल थांबली. "काका, मला खरंच..."

"मला कुठे माहीत होतं? मलाही आत्ताच कळलं," काका चिडून म्हणाले. "काम कर."

टपालवाला दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. 

"खरं सांगू का बाई?" तो शेवटी म्हणाला. "मघाशी मी जरा चोरलं. तिथे नाही लागत. इथे, बाहेरच्या अंगाला, गुडघ्याच्या खाली. आणि जरा नाही, चांगलंच लागतं. सोमवार हुकेल म्हणून बोललो नाही."

"बोट ठेवा," नवी म्हणाली.

त्यानं ठेवलं.

तिनं बैठक गरम हवेखाली धरली, प्लॅस्टिक मऊ पडू दिलं आणि आतून अंगठ्यानं हाडापुरतं बाहेर रेटलं. एकदा काकांना वाटलं, थोडं जास्त होतंय. 'फिरून' हा शब्द ओठांवर आला. त्यांनी तो गिळला, कारण जास्त होत नव्हतं. त्यांची सवय बोलत होती. मग टपालवाला कठड्यांमधून चालला. दुसऱ्या खेपेला त्यानं हात सोडले. तिसऱ्या खेपेला त्या साठ वर्षांच्या शेजारणीची गोष्ट पुन्हा सांगायला लागला.

"सोमवारी लागलं तर?" नवीनं विचारलं.

"तर मंगळवारी तुमच्या दारात. आणि दार चुकणार नाही."

पाचला दहा कमी होते. कानसकाकांनी टेबलावरची धूळ कोपरानं सारली आणि आधी सही केली. मोजपट्टीचं पान कोरं सोडलं. 'उणिवा' या रकान्यात लिहिलं, 'आहेत. तिला सांगितल्या आहेत.' चौथ्या पानावर 'मार्गदर्शक कोण' यापुढे त्यांनी 'वस्ताद' लिहिलं. मग टेबलावरची पेन्सिल उचलून शेवटच्या रकान्यात तीन शब्द लिहिले. अक्षर मुंग्या सोडल्यासारखं येऊ नये म्हणून सावकाश लिहिले.

साहेब खिडकी बंद करायच्या बेतात होते. त्यांनी पानं उलटली, सहीवर समाधानानं मान हलवली आणि चौथ्या पानावर अडले.

"वस्ताद हे आडनाव का?"

"समजा."

"आणि हे काय? काय शिकलात, गाडी, स्वारी, चुना?" साहेबांनी चष्मा वर केला. "अहो काका, हे वर जाणार आहे. चिकाटी लिहा, शिस्त लिहा. चुना काय? कुणी कुणाला चुना लावला म्हणतील वरचे. हे एवढं पुसा आणि नीट लिहून द्या. हा घ्या रबर."

कानसकाकांच्या तळपायाची आग त्या दिवशी पुन्हा एकदा मस्तकात गेली.

"प..." ते म्हणाले. "प... प..."

"पेन? पेन देऊ का?" साहेब घाईनं म्हणाले. "पाणी? अरे, पाणी आणा कुणीतरी!"

काकांनी हात वर करून त्यांना थांबवलं. खिडकीच्या गजाला धरून उभे राहिले. पाच वाजले, व्हरांड्यातल्या घड्याळाचे ठोके झाले, मागे रांगेत कुणीतरी खाकरलं. त्यांनी घाई केली नाही. शब्द आपल्या वेळानं आला, आणि सबंध आला.

"पुसणार नाही."